हात तेच, जबाबदारी वेगळी

बडी रिच या विलक्षण अमेरिकन ड्रमरच्या स्मरणार्थ १९९१ साली न्यूयॉर्कमध्ये एक कार्यक्रम झाला. रिच १९८७ मध्ये गेला होता. त्याच्या बिग बँडबरोबर वाजवण्यासाठी नामवंत ड्रमरना बोलावण्यात आलं होतं आणि त्यांत कॅनडाच्या ‘रश’ या रॉक बँडचा नील पिअर्टही होता. रॉकच्या श्रोत्यांमध्ये त्या काळी पिअर्टचं स्थान फार वरचं होतं. पाच, सात अशा विषम मात्रांचे लांबलचक तुकडे तो कुठेही न अडखळता वाजवत असे, आणि त्याचं एकल वादन ऐकण्यासाठीच अनेक जण तिकीट काढत. तरी त्या दिवशीच्या आपल्या वादनावर तो समाधानी नव्हता. तीन वर्षांनी, १९९४ मध्ये, त्याने रिचच्या सन्मानार्थ ‘बर्निंग फॉर बडी’ या ध्वनिमुद्रिकेची निर्मिती केली. रॉक आणि जाझमधले कितीतरी ड्रमर तिच्यासाठी त्याच बँडबरोबर वाजवून गेले. त्यानंतर चाळिशी ओलांडलेल्या, जगभर नाव झालेल्या या माणसाने शिक्षक शोधला आणि काठी कशी धरायची इथपासून पुन्हा सुरुवात केली. ज्याच्या हाताला काहीच अशक्य वाटत नव्हतं त्याला नव्याने शिकावं असं नेमकं काय उरलं होतं? वेग, गुंतागुंत, नोटेशन वाचण्याची सवय, अशी उत्तरं लगेच सुचतात. त्यांत तथ्य आहे, पण मूळ मुद्दा त्यांत सापडत नाही. माझ्या मते रॉकमधून बिग बँडमध्ये येताना ड्रमरला आपला ठेका कोणासाठी आहे, हेच बदलावं लागतं. रॉकमध्ये तो गाण्याचा एक ठसठशीत भाग स्वतः वाजवतो. बिग बँडमध्ये तो उरलेल्या सोळा जणांना वाजवता यावं म्हणून वाजवतो. हातापायांचे आणि आवाजाचे बाकीचे सगळे बदल यातूनच निघतात.

बिग बँडची रचना आधी पाहू. सर्वसाधारणपणे त्यात पाच सॅक्सोफोन, चार ट्रम्पेट, चार ट्रॉम्बोन आणि त्यांच्या जोडीला पियानो, गिटार, बेस आणि ड्रम्स, असे सतरा वादक असतात. तेरा फुंकवाद्यं लिहिलेलं संगीत वाजवतात, मधूनच एखादा वादक उठून उत्स्फूर्त एकल वादन करतो आणि खाली चार जणांचा लयविभाग सतत चालू असतो. आता रॉकचा साधा चार मात्रांचा ठेका घ्या. पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेला पायाने बेस ड्रम, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला डाव्या हाताने स्नेअरवर कडक आघात, आणि वर उजव्या हाताने हाय-हॅटवर एकसारख्या आठ टिचक्या. या ठेक्याचं वजन खाली आहे, पायात आणि स्नेअरमध्ये. वरची झांज नाहीशी झाली तरी गाणं उभं राहतं. बिग बँडच्या स्विंगमध्ये ही उतरंड उलटी होते. लय राहते ती उजव्या हाताखालच्या राइड सिम्बलमध्ये, डावा पाय दुसऱ्या-चौथ्या मात्रेला हाय-हॅट मिटतो, डावा हात अधूनमधून बोलतो, आणि बेस ड्रम चारही मात्रांना इतका हलका वाजतो की श्रोत्याला तो वेगळा ऐकूच येऊ नये, फक्त बेसच्या तारेखाली थोडा भरीवपणा जाणवावा. हा हलका बेस ड्रम रॉकच्या ड्रमरला सर्वांत अवघड जातो. ज्या पायाने आयुष्यभर सभागृह हलवलं, त्याला असूनही नसल्यासारखं राहायला सांगायचं असतं.

ही मांडणी कोणाच्या लहरीतून आलेली नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत नाचाच्या बँडमध्ये लय बेस ड्रमवरच असे, कारण ध्वनिवर्धक नसताना एवढ्या फुंकवाद्यांत डबल बेस ऐकू येणं कठीण होतं. तीसच्या दशकात कॅन्सस सिटीतल्या काउंट बेसीच्या बँडमध्ये जो जोन्सने लयीचा भार उचलून हाय-हॅटवर नेला. त्याच्या जोडीला फ्रेडी ग्रीनची गिटार, वॉल्टर पेजचा बेस आणि बेसीचा मोजका पियानो होता. त्या चौघांच्या लयीत कुणा एकाचा ठोका वेगळा काढता येत नाही. चाळीसच्या सुमारास केनी क्लार्कने तीच लय राइड सिम्बलवर नेली आणि बेस ड्रमला अनपेक्षित जागी बोलण्यासाठी मोकळं केलं. यामागचं कारण वाद्यसंगीतातलंच आहे. झांजेचा नाद लांबतो, एका टिचकीतून दुसरीत वाहत जातो, आणि त्यावर तेरा जणांना श्वास घेऊन लांब स्वर टाकता येतात. स्नेअरचा कडक आघात मात्र प्रत्येक दोन मात्रांनी वाक्य तोडतो. गायकाच्या छोट्या ओळींना आणि विजेच्या गिटारला तो आघात पोसतो. सॅक्सोफोनच्या आठ बार चालणाऱ्या वाक्याला तो अडवतो.

आवाजाचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. रॉकच्या रंगमंचावर प्रत्येक ड्रमला वेगळा मायक्रोफोन असतो आणि समतोल राखण्याचं काम ध्वनियोजकाकडे असतं. ड्रमरने एकाच ताकदीने, एकसारखं आणि जोरात मारावं अशी तिथे अपेक्षाच असते, कारण एकसारखा आघात यंत्राला सोयीचा पडतो. बेस ड्रममध्ये उशी किंवा घोंगडी कोंबून त्याचा नाद आखूड केलेला असतो, राइड सिम्बल जाड असते आणि प्रत्येक टिचकी घंटेसारखी सुटी ऐकू येते. बिग बँडची परंपरा मायक्रोफोनच्या आधीची आहे आणि तिच्यात समतोल वादकांनी आपापसांत साधायचा असतो. सॅक्सोफोन हळू वाजत असतील तर ड्रमर त्यांच्याखाली जातो. आठ बारनंतर सगळे ट्रम्पेट उंच स्वरावर चढणार असतील तर त्या चढाची कमान तो आधीपासून बांधू लागतो. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. जाझ म्हणजे छोटे ड्रम आणि नाजूक वादन, असं अनेकांना वाटतं. छोट्या जाझ चमूत १८ इंची बेस ड्रम चालतो हे खरं, पण बडी रिच बिग बँडसमोर २४ इंची बेस ड्रम घेऊन बसत असे, आणि लेड झेपेलिनच्या जॉन बॉनमचा प्रसिद्ध २६ इंची ड्रम आकाराने बिग बँडचा ड्रमर जीन क्रुपा याच्या काळातल्या ड्रमचाच वारसदार आहे. म्हणजे मोठा आवाज बिग बँडला परका नाही. तिथला मोठा आवाज कुठून तरी वर चढत आलेला असतो आणि पुन्हा खाली उतरणार असतो, एवढाच फरक आहे, आणि तो फार मोठा आहे.

आता स्विंगकडे येऊ, कारण इथे मोजमाप उपलब्ध आहे. स्विंगमध्ये एका मात्रेचे दोन असमान भाग होतात, पहिला लांब आणि दुसरा आखूड. पुस्तकं सोपं करून सांगतात की मात्रेचे तीन समान भाग करा, पहिले दोन जोडा, तिसरा सुटा ठेवा. रॉकमधून आलेला ड्रमर हे गणित मनापासून पाळतो आणि तरी वादन ताठ वाटतं. आंदर्स फ्रिबेरी आणि आंद्रेयास सुंडस्ट्रोम या स्वीडिश संशोधकांनी नामवंत जाझ ड्रमरांच्या ध्वनिमुद्रणांतल्या राइड सिम्बलची मोजणी करून २००२ मध्ये निष्कर्ष मांडले. हे प्रमाण स्थिर नसतं, लयीनुसार बदलतं, असं त्यांना आढळलं. विलंबित लयीत लांब भाग आखूड भागाच्या साडेतीन पटींपर्यंत जातो आणि अतिद्रुत लयीत दोन्ही भाग जवळजवळ समान होतात. मध्यम ते द्रुत लयीत आखूड भाग एका सेकंदाच्या साधारण दहाव्या भागाइतका राहतो. यातून काय निष्पन्न होतं ते आकड्यांत पाहा. मिनिटाला २४० मात्रांच्या लयीत एक मात्रा २५० मिलिसेकंदांची असते. पुस्तकी गणिताने तिचे सुमारे १६७ आणि ८३ असे भाग होतील. आखूड भाग १०० मिलिसेकंदांचा राहिला तर ते १५० आणि १०० असे होतात, म्हणजे दोनास एक हे प्रमाण दीडास एकवर येतं. हा फरक डोक्यात मोजून वाजवता येत नाही, तो कानातून हातात यावा लागतो.

त्याच अभ्यासातला दुसरा निष्कर्ष माझ्या मुद्द्यासाठी अधिक मोलाचा आहे. एकल वादक मात्रेवरचा स्वर झांजेच्या किंचित मागे टाकतात, पण मात्रांच्या मधला आखूड स्वर मात्र झांजेशी जुळवून घेतात. जर्मनीतल्या गटिंगन इथल्या संशोधकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगानेही मात्रेवरचा हा सूक्ष्म विलंब स्विंगच्या अनुभूतीत महत्त्वाचा असल्याचं दाखवलं. म्हणजे स्विंग एकट्या ड्रमरच्या हातात नसतो, तो झांज आणि फुंकवाद्य यांच्या मधल्या अंतरात असतो. आजचा रॉक ड्रमर अनेकदा कानातल्या मेट्रोनोमच्या टिकटिकीवर वाजवतो, आणि सगळ्यांनी एका बिंदूवर एकत्र येणं हे तिथे कौशल्य मानलं जातं. बिग बँडमध्ये ट्रम्पेटचा ताफा जरा मागे रेलू लागला की अशा ड्रमरला वाटतं लय पडतेय, आणि तो स्वतः मागे येतो. मग फुंकवादक आणखी मागे जातात आणि दोन आवर्तनांत सगळा बँड बसकण मारतो. जे अंतर राखायचं, तेच त्याने मिटवलेलं असतं. बेसीच्या बँडचं देखणेपण याच अंतरात होतं. लयविभाग पुढे ठाम आणि फुंकवाद्यं आरामात मागे.

बिग बँडच्या ड्रमरचं सर्वांत वेगळं काम म्हणजे आगाऊ सूचना देणं, आणि लेखाच्या मुद्द्याचा कस इथे लागतो. समजा तेरा फुंकवाद्यांना चौथ्या मात्रेच्या मागच्या अर्ध्या भागावर एकदम एक तोडलेला स्वर टाकायचा आहे. तेरा माणसांनी तेरा ठिकाणी श्वास घेतलेला आहे. ड्रमर त्या स्वराच्या ऐन आधी, मोकळ्या जागेत, स्नेअरवर एक आघात किंवा छोटा तुकडा वाजवतो, आणि त्या आघातावरून सगळे एकत्र उडी घेतात. तो तुकडा एकल वादनासाठी नसतो. त्याची लांबी, जोर आणि जागा पुढे येणाऱ्या स्वरावरून ठरते. स्वर आखूड असेल तर ड्रमर स्नेअरवर उत्तर देतो, लांब असेल तर बेस ड्रम आणि झांज एकत्र वाजवून त्याला नाद पुरवतो. सगळा बँड मिळून वाजवतो ती जागा वेगळी आणि फक्त ट्रॉम्बोन मागे काहीतरी म्हणत असतात ती जागा वेगळी. पहिलीत ड्रमर सोबत उडी घेतो, दुसरीत लय न सोडता डाव्या हाताने नुसता दुजोरा देतो. कोणत्या जागेला काय द्यायचं याचा निर्णय दर काही सेकंदांनी करावा लागतो, आणि त्यासाठी कान मुख्य ट्रम्पेटवादकाकडे लागलेला असावा लागतो. आपल्याकडच्या वाचकाला तबल्याच्या उदाहरणावरून हे लवकर कळेल. स्वतंत्र तबलावादनात कायदे आणि रेले गाजवणारा वादक ख्यालाच्या साथीला बसला की विलंबित एकतालाचा ठेका भरदार आणि स्थिर ठेवतो, आणि गायक समेवर येताना त्याला उतरायला जागा करून देतो. तिथे त्याची तयारी दिसत नाही, पण ती नसती तर ठेका असा राहिला नसता.

रॉकमध्ये भरावाचे तुकडे असतातच, मग अडतं कुठे, असं कोणी विचारेल. अडतं ते हेतूपाशी. रॉकमधला तुकडा कडव्यातून धृपदात नेणारा, स्वतःकडे लक्ष वेधणारा असतो आणि तो तसाच असायला हवा. पिअर्टचे तुकडे श्रोत्यांना तोंडपाठ होते, ते हवेत हात फिरवून त्याच्याबरोबर ‘वाजवत’ असत. बिग बँडमध्ये असा रचलेला, भरगच्च तुकडा नेमका ट्रम्पेटच्या प्रवेशावर सांडतो. काउंट बेसीच्या ‘द अटॉमिक मिस्टर बेसी’ या ध्वनिमुद्रिकेतली ‘लिल डार्लिन’ ही नील हेफ्टीची रचना या बाबतीत फार बोलकी आहे. हेफ्टीने ती जलद लयीसाठी लिहिली होती, बेसीने ती अतिशय संथ केली. फुंकवाद्यांची वाक्यं हलकी, मध्ये लांब मोकळ्या जागा, आणि सनी पेन हा एरवी झगमगाट करणारा ड्रमर तिथे जवळजवळ काहीच करत नाही. त्या मोकळ्या जागांत लय किंचितही न हलवता बसून राहणं हे मी या कलेतल्या सर्वांत कठीण गोष्टींपैकी एक मानतो. तिथे भरण्याची इच्छा झाली की रचना मोडली.

नोटेशन वाचता येत नाही म्हणून रॉक ड्रमर अडखळतो, या समजाकडे आता वळू. बिग बँडमध्ये ड्रमरसमोर चार्ट असतो, आणि तो बहुतेक वेळा अपुराच असतो. आठ बार लय धरा, इथे ट्रम्पेटचा हा आकृतिबंध आहे, इथे थांबा, इतकंच. त्यावरून काय वाजवायचं हे ड्रमरने ठरवायचं. वाचता येणं निश्चितच उपयोगाचं आहे. मुंबईच्या संगीतविश्वाने हा लाभ प्रत्यक्ष घेतला. १९३५ मध्ये लिऑन ॲबीचा आफ्रिकन-अमेरिकन चमू ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला, आणि पुढच्या काळात मुंबईचे जाझ आणि नाचाचे बँड मोठ्या प्रमाणात गोव्याच्या वादकांनी चालवले. गोव्यातल्या चर्चशी जोडलेल्या संगीतशाळांत त्यांनी लहानपणीच पाश्चात्त्य स्वरलिपी शिकलेली होती. त्याच बळावर ते हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांचा कणा झाले. सी. रामचंद्रांच्या १९५१ च्या ‘अलबेला’त बिग बँडचा जो बाज ऐकू येतो, त्यात गोव्याचा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट याचा मोठा वाटा होता. तरी वाचन म्हणजे सगळं नव्हे, आणि याचा पुरावा खुद्द बडी रिच आहे. रिचला नोटेशन वाचता येत नसे. नवी रचना आली की दुसरा ड्रमर ती एकदा वाजवून दाखवी, रिच समोर बसून ऐके आणि मग स्वतः वाजवी. पण या गोष्टीतून ‘वाचायची गरजच नाही’ असा अर्थ काढणारे तिचा उत्तरार्ध विसरतात. एकदा ऐकून रिचला प्रत्येक ट्रम्पेटची, प्रत्येक सॅक्सोफोनची जागा कळलेली असे. तो ड्रम्सचा भाग पाठ करत नव्हता, सगळी रचना पाठ करत होता. रॉक ड्रमरला कागद वाचायला शिकवणं काही महिन्यांचं काम आहे. इतरांचा कागद ऐकायला शिकवणं हे खरं काम.

रिचचं नाव घेतलं की दुसरा आक्षेप येतोच. रिच अतिशय जोरात वाजवायचा, सगळ्यांचं लक्ष स्वतःकडे ओढायचा, लांबलचक एकल वादन करायचा, मग विनम्र सेवकाची ही कल्पना त्याला कुठे लागू पडते? आक्षेप रास्त आहे आणि मी तो टाळणार नाही. रिच विनम्र नव्हता. त्याच्या बँडसाठी केलेली ‘वेस्ट साइड स्टोरी’ची १९६६ ची मांडणी ऐकली तर ड्रम्स मध्यभागी आहेत हे कोणालाही कळेल. पण तीच मांडणी फुंकवाद्यांकडे कान लावून पुन्हा ऐकावी. ते ज्या आत्मविश्वासाने आघात करतात तो त्यांना रिचच्या आधीच्या आघाताने दिलेला आहे. याच्या अगदी उलट टोकाला मेल लुइस होता. थॅड जोन्सबरोबर त्याने उभा केलेला वाद्यवृंद १९६६ पासून न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्डमध्ये दर सोमवारी वाजे. लुइस प्रत्येक ट्रम्पेटच्या जागेवर उडी घेत नसे, झांजांचा गडद नाद पसरून ठेवत असे आणि अनेक जागा मुद्दाम सोडून देत असे. रिच आणि लुइस यांच्या वादनात जमीन-अस्मानाचं अंतर आहे, तरी दोघांचे बँड उत्तम वाजत, कारण दोघेही बँडसाठी वाजवत होते. म्हणून मी याला स्वभावाचा किंवा नम्रतेचा प्रश्न मानत नाही. प्रश्न कानाचा आहे.

तिसरा आक्षेप इतिहासाचा आहे आणि तो सर्वांत वजनदार वाटतो. रॉक ड्रमिंग जाझमधूनच जन्मलं, मग ही भिंत कुठून आली? न्यू ऑर्लिन्सचा अर्ल पामर हा जाझमध्ये मुरलेला ड्रमर होता. फॅट्स डॉमिनोच्या ‘द फॅट मॅन’वर १९४९ मध्ये आणि पुढे लिटल रिचर्डच्या गाण्यांवर त्यानेच वाजवलं. रोलिंग स्टोन्सचा चार्ली वॉट्स आणि क्रीमचा जिंजर बेकर हे आधी जाझचे भक्त होते. लुई बेलसनने दोन बेस ड्रम बिग बँडमध्ये आणले आणि रॉकने ते उचलले. क्रुपाच्या ‘सिंग, सिंग, सिंग’मधल्या टॉम-टॉमच्या गर्जनेशिवाय रॉकचं ड्रम सोलो असतं का, सांगणं कठीण आहे. हे सगळं मान्य. पण पामरची गोष्टच पाहा. लिटल रिचर्ड पियानोवर उजव्या हाताने एकसारखे आठ आघात करत असे आणि त्याच्याशी जुळण्यासाठी पामरला आपली झुलती लय सरळ करावी लागली. म्हणजे एका जाझ ड्रमरने समोरच्या वादकाचं ऐकलं आणि त्यातून रॉकचा ठेका घडला. पुढच्या पिढ्यांनी तो ठेका उचलला, त्यामागचं ऐकणं प्रत्येकाने उचललंच असं नाही. वारसा मिळाला, पण ज्या कामातून तो आला ते काम हातचं सुटलं. म्हणूनच वॉट्ससारख्या माणसाला हे स्थित्यंतर तुलनेने सोपं गेलं. त्याने १९८५ मध्ये तीसहून अधिक वादकांचा स्वतःचा वाद्यवृंद उभारला, १९८६ मध्ये त्याची ध्वनिमुद्रिका आली, आणि त्या वाद्यवृंदात त्याने इतर ड्रमरांनाही आपल्या शेजारी बसवलं. स्टोन्समध्येही तो छोटा, साधा ड्रमसेट घेऊन कीथ रिचर्ड्सच्या गिटारकडे कान लावून वाजवत असे. त्याची रॉकमधली पद्धतच साथीची होती.

चौथी शंका अशी की साठच्या दशकाच्या उत्तरार्धापासून बिग बँडनेच रॉकचे ठेके घेतले. रिचने १९६८ मध्ये ‘मर्सी, मर्सी, मर्सी’ वाजवलं, मेनार्ड फर्ग्युसनने सत्तरच्या दशकात ‘रॉकी’ चित्रपटाचं सूत्रसंगीत गाजवलं. मग अशा रचनांत रॉक ड्रमर सरस ठरायला नको का? ठेक्यापुरता ठरतो, कित्येकदा जाझच्या ड्रमरपेक्षा सरस ठरतो. फिल कॉलिन्सने १९९६ मध्ये क्विन्सी जोन्सच्या संचालनाखाली बिग बँड घेऊन दौरा केला आणि १९९९ मध्ये ‘अ हॉट नाइट इन पॅरिस’ ही ध्वनिमुद्रिका काढली. तिच्यात जेनेसिसची आणि त्याची स्वतःची लोकप्रिय गाणी बिग बँडसाठी मांडलेली होती. जगप्रसिद्ध गायक असूनही तो तिथे ड्रमसेटवर बसला आणि त्याच्या गाण्यांचे सूर फुंकवाद्यांनी उचलले. मला हा निर्णय फार विचारपूर्वक घेतलेला वाटतो. त्याने लयीचं परकेपण कमी केलं आणि नव्या जबाबदारीवर लक्ष दिलं. ठेका ओळखीचा असला तरी ट्रम्पेटच्या प्रवेशाची तयारी, आवाजाची कमान आणि मुख्य ट्रम्पेटवादकाचं ऐकणं यांतून सुटका नसतेच. रॉक ड्रमरने बिग बँडकडे यायची वाट इथून सुरू करावी, असं मला वाटतं.

पिअर्टने मात्र अवघड वाट निवडली. ‘बर्निंग फॉर बडी’च्या ध्वनिमुद्रणात जर्नी बँडचा स्टीव्ह स्मिथ काही वर्षांपूर्वीपेक्षा कितीतरी मोकळा वाजवत असल्याचं त्याच्या लक्षात आलं. स्मिथने श्रेय दिलं फ्रेडी ग्रूबर या शिक्षकाला. रिचचा जुना मित्र असलेला ग्रूबर नवे ठेके शिकवण्यापेक्षा दोन आघातांच्या मधल्या हालचालीवर भर देत असे. आघातानंतर हात कुठे जातो, कसा वर्तुळात फिरून परत येतो, यावर त्याचं लक्ष. पिअर्टने काठी धरण्याची जुनी पद्धत स्वीकारली, ड्रमसेटची मांडणी बदलली, रोज सराव केला आणि १९९६ मध्ये ‘टेस्ट फॉर एको’ ही रशची ध्वनिमुद्रिका त्या नव्या हातांनी वाजवली. काही श्रोत्यांना फरक जाणवला नाही, आणि त्यांनी विचारलं की एवढा खटाटोप कशासाठी. त्यांच्या प्रश्नात तथ्य आहे, कारण रशच्या संगीतात ऐकण्याची ती नवी जबाबदारी वापरायला जागाच थोडी होती. ती बिग बँडसमोरच कसाला लागणार होती. म्हणूनच दशकभराने तो पुन्हा विद्यार्थी झाला. या वेळी तो पीटर अर्स्किनकडे गेला. अर्स्किन म्हणजे कोवळ्या वयात स्टॅन केंटनच्या वाद्यवृंदात आणि पुढे वेदर रिपोर्टमध्ये वाजवलेला, कमी आवाजात पुष्कळ सांगणारा ड्रमर. २००८ मध्ये न्यूयॉर्कला रिचच्या स्मरणार्थ झालेल्या कार्यक्रमात पिअर्ट पुन्हा त्याच बिग बँडसमोर बसला. पहिल्या शिक्षकाने हात मोकळे केले होते, दुसऱ्याकडे लय आणि कान यांचा अभ्यास झाला. नुसत्या तंत्राने काम भागत असतं तर दुसऱ्या शिक्षकाची गरज पडली नसती.

यात जाझ श्रेष्ठ आणि रॉक कनिष्ठ असा निवाडा कोणी वाचू नये. जाझचा निष्णात ड्रमर बॉनमसारखा एकच ठेका सहा मिनिटं त्याच वजनाने, त्याच निर्धाराने वाजवू गेला की त्याचीही अशीच तारांबळ उडते. त्याचा हात दर चार बारनंतर काहीतरी वेगळं बोलायला धडपडतो आणि गाण्याची पकड सुटते. दोन्हीकडची शिस्त खरी आहे.

मुंबई, पुणे, गोवा इथे आज अनेक मुलं ड्रमसेट शिकतात आणि परदेशी संस्थांच्या श्रेणीपरीक्षा देतात. त्या परीक्षांत स्विंगचा ठेका येतो, पण तो बहुधा ध्वनिमुद्रित साथीवर वाजवायचा असतो, आणि ध्वनिमुद्रण श्वास घेत नाही, मागे रेलत नाही, चुकीच्या सूचनेने अडखळतही नाही. शिक्षकांना विनंती आहे की वर्षातून काही वेळा तरी विद्यार्थ्याला दोन ट्रम्पेट, एक सॅक्सोफोन आणि एक ट्रॉम्बोन यांच्या समोर बसवा, मायक्रोफोन बंद ठेवा, आणि ड्रम्सचा चार्ट देण्याआधी ट्रम्पेटचा कागद त्याच्या हातात द्या.